वही कोणाच्या हाती? : वेबच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या माहितीचा इतिहास

नर्मदेची पायी परिक्रमा करणारा यात्रेकरू जबलपूरजवळच्या भेडाघाटाला पोहोचतो, तेव्हा तेथे त्याला ओळखणारे सहसा कोणी नसते. तो कोठून निघाला, किती दिवस चालतो आहे, मागचा मुक्काम कोठे झाला, यांपैकी काहीही आश्रमाच्या व्यवस्थापकाला ठाऊक नसते. परिक्रमेच्या रूढीने या अडचणीवर साधा तोडगा काढला आहे. परिक्रमावासी स्वतःजवळ एक प्रमाणपत्र किंवा लहानशी वही बाळगतो आणि वाटेतले आश्रम, ग्रामपंचायती तिच्यावर आपापला शिक्का उमटवतात. पुढच्या मुक्कामी वही दाखवली की मागचा सगळा प्रवास कळतो. आश्रमाला काही लक्षात ठेवावे लागत नाही. स्मृती यात्रेकरूच्या झोळीत असते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरची रीत याच्या उलट आहे. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या जपलेल्या असतात. यात्रेकरू रिकाम्या हाताने येतो, गाव आणि आडनाव सांगतो. उपाध्याय त्या खुणेवरून नेमके पान काढतात आणि आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवतात. येथे स्मृती यजमानाच्या घरी आहे. यात्रेकरूजवळ आहे ती केवळ पान शोधण्याची किल्ली.

वही पाहुण्याच्या हाती असावी की यजमानाच्या घरी, हा प्रश्न १९९० च्या दशकात वेब प्रोग्रामिंगपुढे जसाच्या तसा उभा राहिला. संकेतस्थळाच्या एका पानावर भरलेली माहिती दुसऱ्या पानापर्यंत न्यायची कशी, असे त्याचे वरवरचे रूप होते. प्रश्न किरकोळ वाटला, म्हणून त्याची उत्तरेही अभियंत्यांनी घाईघाईत, तात्पुरती म्हणून दिली. पुढे त्याच उत्तरांवर ऑनलाइन बाजार उभा राहिला, जाहिरातींचा व्यवसाय उभा राहिला आणि अखेर भारतासह अनेक देशांना त्यांच्यासाठी कायदे करावे लागले.

प्रश्न नीट समजण्यासाठी पुण्याहून भेडाघाटला निघालेल्या एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. धुवाँधार धबधबा, संगमरवरी कड्यांमधून होणारा नौकाविहार, चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर, हे सारे पाहायचे म्हणजे आधी जबलपूरचे रेल्वे तिकीट हवे. तिकिटाच्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर स्थानके आणि तारीख भरली जाते. दुसऱ्या पानावर गाड्यांची यादी येते. तिसऱ्यावर प्रवाशांची नावे व वये, चौथ्यावर भाडे, त्यानंतर बँकेचे पान आणि शेवटी तिकीट. वापरणाऱ्याला हा एक सलग संवाद वाटतो. प्रत्यक्षात तो सलग नसतो. प्रत्येक पान म्हणजे नवी भेट, आणि वेबच्या मूळ नियमानुसार प्रत्येक भेटीत सर्व्हर समोरच्याला प्रथमच पाहत असतो.

हा विसराळूपणा दोष म्हणून शिरलेला नाही, तो हेतुपुरस्सर स्वीकारलेला आहे. जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे शास्त्रज्ञांची कागदपत्रे होती. एका संगणकावरचा लेख दुसऱ्या संगणकावरून वाचता यावा, त्यातल्या दुव्यावरून तिसऱ्या लेखाकडे जाता यावे, एवढेच प्रयोजन होते. १९९१ मध्ये लिहून काढलेला एचटीटीपीचा पहिला नियमसंच म्हणूनच अत्यंत आटोपशीर होता. ब्राउझरने एका ओळीत हव्या त्या पानाचे नाव सांगायचे, सर्व्हरने पान द्यायचे आणि जोडणी तोडायची. कोण आले होते, त्याने आधी काय मागितले होते, याची नोंद ठेवण्याचे बंधन सर्व्हरवर नव्हते. तंत्रज्ञ या गुणाला ‘स्टेटलेस’ म्हणतात.

या विसरण्याचा फायदा मोठा होता. ज्याला काही लक्षात ठेवायचे नसते तो कितीही लोकांना सेवा देऊ शकतो. एक सर्व्हर बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा करता येतो, कारण दोघांनाही मागचे काही ठाऊक असण्याची गरज नसते. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेची तत्त्वे मांडली तेव्हा हा गुण त्यांनी मूलभूत तत्त्वांमध्ये गणला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केल्यावर ते इतक्या वेगाने पसरू शकले, याचे एक कारण या साधेपणात आहे.

परंतु लेख वाचणे वेगळे आणि व्यवहार करणे वेगळे. व्यवहाराला स्मृती लागते. १९९३ च्या सुमारास मोझाइक ब्राउझरमध्ये फॉर्म आले. त्याच काळात सीजीआय ही पद्धत रूढ होऊन फॉर्ममधील माहिती सर्व्हरवरील प्रोग्रामच्या हाती पडू लागली. वेब आता प्रश्न विचारू लागला आणि लगेच अडचण दिसली : पहिल्या पानाचे उत्तर तिसऱ्या पानाला कसे कळावे?

सर्वांत सोपे उत्तर होते, माहिती पत्त्यातच लिहिणे. पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायचे आणि त्यानंतर नाव व मूल्य यांच्या जोड्या लिहायच्या : ‘स्थानक=जबलपूर&तारीख=१२’. पुढचे पान पत्ता वाचते आणि कामाला लागते. या पद्धतीचा एक गुण आजही अमोल आहे. पत्ता कोणालाही पाठवता येतो आणि त्याला नेमके तेच पान दिसते. नकाशावरचे भेडाघाटचे ठिकाण मित्राला पाठवता येते ते यामुळेच.

मराठी वाचकाने या पद्धतीतील एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पत्त्यात मूळ रोमन वर्णमालेची मोजकीच चिन्हे चालत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हासाठी नऊ खुणा. ‘भेडाघाट’ या शब्दात काने-मात्रे धरून सात चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांच्या ६३ खुणा होतात. शिवाय मराठीत नाव ‘भेडाघाट’ असे लिहितात, तर हिंदीत ‘ड’खाली नुक्ता देऊन ‘भेड़ाघाट’. तो नुक्त्याचा ‘ड़’ही युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच संयुक्त चिन्ह म्हणून, किंवा ‘ड’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटू शकतात. पहिल्या पानाने पाठवलेले गाव दुसऱ्या पानाला न सापडण्याचे हे एक खरेखुरे कारण आहे. म्हणूनच जाणते प्रोग्रामर पानांमधून नाव पाठवण्याऐवजी ठरलेला सांकेतिक क्रमांक पाठवतात. रेल्वेने स्थानकांना छोटी सांकेतिक नावे दिली ती तर वेबच्या कितीतरी आधी. जबलपूर म्हणजे ‘जेबीपी’.

पत्त्यात माहिती लिहिण्याचे तोटेही लवकरच उघड झाले. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत उतरतो. एका पानावरून दुसऱ्या संकेतस्थळावर गेल्यास ‘तुम्ही कोणत्या पानावरून आलात’ हे ब्राउझर त्या दुसऱ्या स्थळाला कळवत असे. पत्त्यात नाव, आजार किंवा परवलीचा शब्द असेल तर तोही त्याबरोबर जाई. अशी माहिती पत्त्याऐवजी विनंतीच्या आत, लखोट्यात घातल्याप्रमाणे पाठवण्याची ‘पोस्ट’ पद्धत म्हणूनच महत्त्वाची ठरली. तरीही ‘पोस्ट’ एका पानावरून पुढच्या पानापर्यंतच पोहोचते. पाच पाने ओलांडायची असतील तर प्रत्येक पानाने मागची माहिती पुन्हा उचलून पुढे द्यावी लागते.

यासाठी दुसरी युक्ती निघाली : फॉर्ममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या चौकटी ठेवण्याची. दुसरे पान तयार करताना सर्व्हर पहिल्या पानावरची उत्तरे अशा लपलेल्या चौकटींत भरून पाठवी. वापरणाऱ्याने पुढचे बटण दाबले की तीही परत येत. काही दुकानांनी वस्तूची किंमतसुद्धा अशाच चौकटीत ठेवली, आणि तेथे घात झाला. लपलेली चौकट नजरेआड असते, कुलूपबंद नसते. पान आपल्या संगणकावर साठवून, त्यातली किंमत बदलून फॉर्म पाठवता येतो, हे अनेकांच्या ध्यानात आले. दहा हजारांची वस्तू दहा रुपयांना मागितली तरी भोळा प्रोग्राम ती मान्य करी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार इतका माहीत झाला की वेब सुरक्षेच्या प्राथमिक धड्यांत तो जाऊन बसला. पाहुण्याच्या हाती दिलेल्या वहीत पाहुणा खाडाखोड करू शकतो. म्हणून किंमत, अधिकार, शिल्लक असे काहीही त्याच्या हातून परत आले तर यजमानाने आपल्या दप्तराशी ताडून पाहावे, किंवा त्यावर बनावट करता येणार नाही असा शिक्का असावा. हा नियम आजही तेवढाच खरा आहे आणि आजही मोडला जातो.

तिसरे उत्तर १९९४ च्या उन्हाळ्यात सापडले. नेटस्केप ही कंपनी तेव्हा आपला पहिला ब्राउझर घडवत होती. तिच्या एका ग्राहकाला, एमसीआय या दूरध्वनी कंपनीला, ऑनलाइन खरेदीची व्यवस्था हवी होती. मात्र अर्धवट राहिलेल्या खरेद्यांची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याची तिची इच्छा नव्हती. लू मोंटुली या तरुण अभियंत्याने तोडगा सुचवला आणि जॉन जियानँड्रिया यांच्यासह त्याचा पहिला आराखडा लिहिला. सर्व्हरने पानाबरोबर एक लहानशी चिठ्ठी पाठवायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच स्थळाला पुन्हा भेट देताना आपणहून दाखवायची. युनिक्सच्या जगात प्रोग्राम एकमेकांना देत असलेल्या अशा खुणेला ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यावरून या चिठ्ठीला ‘कुकी’ हे नाव मिळाले. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ती होती.

कुकीच्या रचनेत एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. प्रत्येक ब्राउझरला कायमचा एक क्रमांक द्यावा आणि त्याने तो सर्व स्थळांना सांगावा, हा मार्ग त्याहून सोपा होता. मोंटुली यांनी तो नाकारला, कारण त्या क्रमांकावरून माणसाचा वेबभर माग काढता आला असता. त्यांच्या कुकीचा नियम असा की ज्या स्थळाने चिठ्ठी दिली त्यालाच ती परत मिळेल. एका आश्रमाचा शिक्का दुसऱ्या आश्रमाला दिसणार नाही. चिठ्ठी लहान ठेवण्याचाही संकेत होता, साधारण चार किलोबाइट.

चार किलोबाइटांत सगळा व्यवहार मावत नाही आणि तो पाहुण्याच्या हाती देणे धोक्याचेही आहे, हे लपलेल्या चौकटींनी शिकवलेच होते. त्यामुळे लवकरच चौथी रीत रूढ झाली, तिला ‘सेशन’ म्हणतात. पाहुण्याच्या हाती केवळ एक लांबलचक, अंदाज करता येणार नाही असा क्रमांक द्यायचा. खरी माहिती सर्व्हरच्या दप्तरात त्या क्रमांकाखाली ठेवायची. ही थेट नाशिकच्या उपाध्यायांची रीत. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीने १९९६ च्या अखेरीस ही सोय प्रोग्रामरांच्या हाती तयार दिली, तर २००० च्या मे महिन्यात आलेल्या पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत ती भाषेतच सामावली गेली. पुढच्या दशकात भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी ‘एका पानावरून दुसऱ्या पानावर माहिती कशी न्यावी’ याचे उत्तर म्हणून पहिल्यांदा शिकले ते हेच.

भारतीय रेल्वेला ही कल्पना नवी नव्हती. १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले आणि तिकिटावर पीएनआर क्रमांक दिसू लागला. प्रवाशाच्या हाती क्रमांक, बाकीचा तपशील रेल्वेच्या संगणकात. क्रिस या रेल्वेच्या संस्थेने पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच प्रादेशिक केंद्रे ‘कन्सर्ट’ नावाच्या व्यवस्थेने जोडली. १९९९ मध्ये ते काम पूर्ण झाल्यावर कोणत्याही केंद्रावरून कोठलेही तिकीट मिळू लागले. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने सामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुले केले होते. या दोन धाग्यांची गाठ ३ ऑगस्ट २००२ रोजी पडली : आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून रेल्वे तिकीट घेता येऊ लागले. आरंभी छापील तिकीट घरपोच येई. ई-तिकीट २००५ मध्ये आले. कोट्यवधी भारतीयांनी पानामागून पान भरण्याचा अनुभव पहिल्यांदा घेतला तो बहुधा येथेच.

‘मागे जाण्याचे बटण दाबू नका’ ही सूचनाही अनेकांनी अशाच संकेतस्थळांवर पहिल्यांदा वाचली. तिचे कारण सेशनमध्ये आहे. सर्व्हरच्या दप्तरात व्यवहार चौथ्या पानापर्यंत पोहोचलेला असतो. मागचे बटण दाबले की ब्राउझर तिसरे पान दाखवतो, दप्तर मात्र मागे येत नाही. दोघांच्या स्मृती वेगळ्या पडतात. एकाच ब्राउझरच्या दोन खिडक्यांत दोन वेगळ्या प्रवासांची तिकिटे काढू पाहणाऱ्याचीही तीच गत होते, कारण कुकी दोन्ही खिडक्यांना सामाईक असते. एकीकडे जबलपूर, दुसरीकडे नागपूर, आणि दप्तरात एकच पान. प्रत्येक खिडकीची वेगळी स्मृती ठेवणारी ‘सेशन स्टोरेज’ ही सोय पुढे प्रमाणित झाली. तिच्या तपशिलात याच अडचणीचे, दोन खिडक्यांतून विमानाची तिकिटे काढणाऱ्याचे, उदाहरण दिलेले आहे.

सर्वांत अवघड टप्पा बँकेचा. तेथे पानच नव्हे, संकेतस्थळही बदलते. एका संस्थेची माहिती दुसऱ्या संस्थेकडे जायची आणि निकालासह परत यायची. जबलपूरला अशा सांधेजोडीचा फार जुना इतिहास आहे. ईस्ट इंडियन रेल्वे ही कंपनी अलाहाबादहून १८६७ च्या जूनमध्ये जबलपूरला पोहोचली. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही दुसरी कंपनी इटारसीमार्गे, भेडाघाटच्या परिसरातून, १८७० च्या मार्चमध्ये तिला येऊन मिळाली. मुंबई आणि कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली ती या ठिकाणी; मुंबई–हावडा मेल आजही या मार्गाने धावते. रूळ जुळणे हा कामाचा एक भाग होता. एका कंपनीच्या हद्दीत सुरू झालेला प्रवास वा पाठवलेला माल दुसरीच्या हद्दीत पुरा व्हायचा, तर दोघींनी एकमेकींच्या कागदांवर विश्वास ठेवणे भाग असते.

संकेतस्थळ आणि बँक यांच्यामध्ये तो कागद वापरणाऱ्याचा ब्राउझर नेतो, आणि ब्राउझर म्हणजे पाहुण्याचा हात. त्यात फेरफार शक्य असतो. म्हणून दोन्ही संस्था फक्त आपल्यालाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने रकमेवर आणि क्रमांकावर गणिती शिक्का मारतात; एक आकडा बदलला तरी शिक्का जुळत नाही. त्याशिवाय सर्व्हर एकमेकांशी थेट बोलून ‘पैसे खरेच मिळाले का’ याची खात्री करून घेतात. ही खात्री होण्याआधीच वापरणाऱ्याची जोडणी तुटली, तर खात्यातून पैसे गेले आणि तिकीट मात्र नाही, अशी स्थिती उद्भवते. ती इतकी वारंवार येते की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून मुदती ठरवून दिल्या. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना रक्कम कापली गेली आणि विक्रेत्याला खात्रीपत्र पोहोचले नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत व्हावी. त्यानंतरच्या विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई मिळावी. दोन पानांमध्ये हरवलेल्या माहितीची किंमत भारतात अशी रुपयांत निश्चित झाली.

सेशनमध्येही एक कच्चा दुवा होता. दप्तर सुरक्षित असले तरी किल्ली प्रत्येक पानाबरोबर तारेतून ये-जा करते. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाची एक लहानशी जोड फायरफॉक्स ब्राउझरसाठी प्रसिद्ध केली. उघड्या वायफायवर बसलेल्या कोणाचीही किल्ली तिच्या साहाय्याने टिपता येई आणि एका क्लिकमध्ये त्याच्या नावाने नामांकित स्थळांवर वावरता येई. परवलीचा शब्द ठाऊक असण्याची गरजच उरत नसे. संकेतस्थळे फक्त प्रवेशाचे पान कूटबद्ध करत होती, पुढची पाने उघडी ठेवत होती, हा त्यांचा निष्काळजीपणा दाखवून देणे हा बटलर यांचा उद्देश होता. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या स्थळांनी सर्वच पाने कूटबद्ध केली. पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप आज सर्वत्र आढळते, त्यामागे हा धडाही आहे.

यापेक्षा मोठा घाव मात्र चोराने घातला नाही. तो व्यवसायाने घातला. कुकी ज्याची त्यालाच परत मिळते, हा नियम कायम राहिला, पण एका पानावर अनेक स्थळांचे तुकडे असू शकतात, हे कुकी आखताना पुरते जोखले गेले नव्हते. वृत्तपत्राच्या पानावरची जाहिरात जाहिरात-कंपनीच्या सर्व्हरवरून येते. तोही आपली चिठ्ठी देतो. हीच कंपनी दुकानाच्या, प्रवासाच्या, औषधांच्या पानांवरही असेल, तर तिची चिठ्ठी सर्व ठिकाणांहून तिच्याकडे परत येते. मोंटुली यांनी नाकारलेला सार्वत्रिक क्रमांक अशा रीतीने मागच्या दाराने आत आला. भेडाघाटच्या प्रवासाची चौकशी केल्यानंतर कित्येक दिवस जबलपूरच्या हॉटेलांच्या जाहिराती भलत्याच पानांवर दिसत राहतात, त्यामागे हीच यंत्रणा असू शकते.

धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने कुकीबद्दल लिहिले, तेव्हा सामान्य वाचकांना अशी काही चिठ्ठी आपल्या संगणकावर ठेवली जाते हे प्रथमच कळले. त्यानंतर वर्षभरात, फेब्रुवारी १९९७ मध्ये, डेव्हिड क्रिस्टोल आणि मोंटुली यांनी लिहिलेले कुकीचे पहिले अधिकृत प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले. वापरणाऱ्याने स्वतः न निवडलेल्या तिसऱ्या स्थळाच्या कुकी ब्राउझरने मुळात स्वीकारू नयेत, अशी सूचना त्यात स्पष्ट होती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती मानली नाही. तोवर जाहिरातींचा बाजार त्या कुकींवर उभा राहिला होता. ती सूचना प्रत्यक्षात यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये तिसऱ्या स्थळांच्या कुकी पूर्णपणे अडवल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये आपणही दोन वर्षांत तसे करू असे जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरणाऱ्यांना वेगळी निवड विचारण्याचा विचारही रद्द केला.

परिक्रमेची वही आणि कुकी यांतला फरक येथे लक्षात येतो. वहीतला प्रत्येक शिक्का यात्रेकरूच्या डोळ्यांदेखत उमटतो. तो कोणाचा आहे आणि कशासाठी, हे त्याला वाचता येते. कुकीही त्याच्याच संगणकावर असते, पण ती त्याला वाचता येत नाही आणि तिचा शिक्का कोणी केव्हा मारला हे सहसा कळतही नाही. मालकीच्या झोळीत परक्याची चिठ्ठी, असे तिचे स्वरूप झाले. युरोपने २००२ च्या निर्देशात आणि त्याच्या २००९ च्या दुरुस्तीत यासाठी संमतीची अट घातली, आणि पानोपानी ‘कुकी स्वीकारा’ म्हणणाऱ्या पट्ट्या आल्या. बहुतेक जण त्या न वाचताच बाजूला सारतात, त्यामुळे संमतीचे रूप उरते, आशय उरत नाही.

भारताने हा प्रश्न कुकीच्या नावाने हाताळलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे तो सांगतो. दिलेली संमती मागे घेणेही ती देण्याइतकेच सोपे असावे, असा त्याचा आग्रह आहे. गंभीर कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

या कायद्यात ‘कुकी’, ‘सेशन’ किंवा ‘लपलेली चौकट’ असे शब्द शोधून उपयोग नाही. पण माणसाची ओळख पटवणारी माहिती या वाटांनी वाहत असेल, तर जबाबदारी टळत नाही. पत्त्यात रुग्णाचे नाव लिहिणारा प्रोग्रामर, सेशनचे दप्तर काम संपल्यावरही वर्षानुवर्षे न पुसणारी संस्था, तिकिटाच्या पानावर जाहिरात-कंपनीची चिठ्ठी येऊ देणारे संकेतस्थळ, या सर्वांना आता एकच प्रश्न विचारला जाईल : ही माहिती कोणत्या कामासाठी घेतली आणि ते काम संपल्यावर ती कोठे गेली?

एके काळी महाविद्यालयाच्या प्रयोगवहीत अर्ध्या पानात उरकला जाणारा हा विषय आता विधी आणि नीती यांच्या कक्षेत आला आहे. नियमांतील मुख्य बंधने अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर देशातल्या प्रत्येक लहानमोठ्या संकेतस्थळाला आपली पाने एकेक करून तपासावी लागतील : पाहुण्याच्या हाती काय दिले आहे, आपल्या दप्तरात काय ठेवले आहे, आणि कोणालाही न सांगता तिसऱ्याकडे काय जाते आहे. बर्नर्स-ली यांच्या पहिल्या एचटीटीपीने हे प्रश्न येऊच दिले नव्हते, कारण पान दिले की तो सारे विसरत असे. लक्षात ठेवण्याची कला वेबने नंतर शिकून घेतली. काम संपल्यावर विसरण्याची कला त्याला आता नव्याने शिकावी लागणार आहे.